पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकाखालून 'खट्' असा आवाज आला, की ते सगळं प्रकरण माझ्या डोळ्यांपुढं जसंच्या तसं उभं राहतं आणि अंगाची लाही लाही होते. परवा नातीनं सेकंडहँड गाडी घेतली आणि मला रंकाळ्याकडं फिरवायला नेलं. प्रत्येक खड्ड्याला खट्, ब्रेक दाबला की खट्. विचारलं तर म्हणाली, "आजी, नुसता आवाज आहे गं. गाडी चालतेय ना?" मी तिथंच गाडी थांबवायला लावली, खाली उतरले आणि रिक्षा करून घरी आले. तिचा रुसवा अजून गेलेला नाही. माझाही राग गेलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले. तोंडी सांगितलेलं पोरं ऐकत नाहीत, छापून आलं तर निदान वाचतात.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. गगनबावडा रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्यात मी उपनिरीक्षक म्हणून नव्यानं हजर झाले होते. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली काही मंडळी अजून लग्नकार्यात भेटतात आणि मला नमस्कार करतात, म्हणजे करावा लागतो.

त्या वेळची मी म्हणजे एक बघण्यासारखा प्रकार होता. खाकीला एवढी खळ घालायची, की खुर्चीत बसताना कापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. कमरेला रिव्हॉल्व्हर, काखेत रूळ आणि डोक्यात पाठ केलेली कलमं. प्रशिक्षणात जीप चालवायला शिकवली होती, तेवढ्यावर मला मोटारीतलं सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. खरं तर पेट्रोल संपलं की ती थांबते, एवढंच कळत होतं. तक्रार घेऊन आलेले लोक मला बघून विचारायचे, "बाई, सायब कधी येनार?" मी टेबलावर रूळ आपटून सांगायची, साहेब तुमच्यासमोरच बसलेत. ते माझ्याकडं जरा वेळ बघायचे, मान हलवायचे आणि बाहेर बाकावर बसून साहेबांची वाट बघायचे.

त्या दिवशी सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदार रात्रपाळीवाल्याकडून चार्ज घेत होता. तेवढ्यात बिनतारीवर अपघाताचा निरोप आला. एक मोटार रस्ता सोडून डाव्या बाजूच्या झाडाला धडकली होती. मी आणि आमचे हवालदार जीप घेऊन निघालो. हवालदारांची नोकरी माझ्या वयाएवढी झाली होती. तोंड कमी, डोळे जास्त, असा माणूस.

ऊन पडलेलं, रस्ता कोरडा, समोरून कुणी आलेलं नाही, जनावर आडवं गेलेलं नाही. मोटार मात्र झाडाला भिडलेली. जुनी गाडी होती, जिचे सुटे भाग बाजारात मिळायचे बंद झाले होते अशातली. डावीकडचं पुढचं चाक कोंबडीचा पाय मोडावा तसं आत दुमडलं होतं. गाडीत दोघंच होती. चालवणारा ड्रायव्हर, त्याच्या कपाळाला खोक पडली होती. आणि शेजारच्या सीटवर गाडीच्या मालकाची म्हातारी आई. तिला मागं बसलं की मळमळायचं, म्हणून ती नेहमी पुढं डावीकडं बसायची. तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं. लोकांनी तिला टेम्पोत घालून कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात हलवलं होतं.

अपघाताची जागा बघून मालक तासाभरात ठाण्यात आले. शिरोली एमआयडीसीत त्यांची बिडाच्या ओतकामाची फाउंड्री. घराणं सीमेकडचं, व्यापारातलं, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी. दानशूर म्हणून नाव मोठं. आमच्या ठाण्यातला थंड पाण्याचा कूलर त्यांनीच दिलेला. त्यावर त्यांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात होतं, की नवीन आलेल्याला वाटावं ठाणंही त्यांचंच आहे.

आल्या आल्या त्यांनी काय करावं? बाकावर बसलेल्या ड्रायव्हरच्या थोबाडीत मारली. भर ठाण्यात, सगळ्या स्टाफसमोर, बाहेर चहाच्या टपरीवरची माणसं बघत असताना. मी ओरडले, "हात खाली." आवाज असा किनरा निघाला, की कोपऱ्यातला एक शिपाई हसला. पण मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले, तेवढं खळीच्या कपड्यांत जमलं.

मालकांची फिर्याद साधी होती. ड्रायव्हरला डुलकी लागली, गाडी झाडावर गेली, आई जायबंदी झाली. मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या ठाण्याच्या निरीक्षकांनी, तपास माझ्याकडं दिला. वाहन बेदरकारपणे चालवणं आणि गंभीर दुखापत, अशी दोन कलमं लागली. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळं ड्रायव्हर मेहुण्याच्या जामिनावर सुटणार होता. पण त्याचा परवाना आम्ही जप्त केला. शिक्षा झाली असती तर तो परत मिळाला नसता, आणि ज्या माणसाला गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही येत नाही, त्याच्यासाठी ती जन्मठेपच होती.

त्याला विचारलं तर तो एकच सांगत राहिला. "बाईसाहेब, वळणावर हलका ब्रेक मारला, खाडकन आवाज झाला आनि स्टेअरिंग हातात नुसतं फिरलं. मी झोपलो न्हवतो."

मी त्याला एक व्याख्यान दिलं. झोपेचं, जबाबदारीचं, मोटार वाहन कायद्याचं. माझ्यासारखीच कुणी आज मला असं व्याख्यान देत असती, तर मी तिची टोपी कूलरमध्ये टाकली असती. ड्रायव्हरनं ते सगळं मान खाली घालून ऐकलं. व्याख्यान संपल्यावर म्हणाला, "बाईसाहेब, आवाज म्हयनाभर येत हुता. मी मालकास्नी सांगितलं हुतं." मी म्हटलं, सगळे ड्रायव्हर हेच म्हणतात. तसं मोठे साहेबही म्हणायचे, म्हणून मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक परत आले. बाँड लिहून देतो, गाडी आमच्या ताब्यात द्या. मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी व्हायची आहे, म्हणून मी नकार दिला. दुपारी क्रेन घेऊन त्यांचा माणूस दारात हजर. मोठे साहेब मला म्हणाले, "देऊन टाका की मॅडम. ब्रेक लागतात, हॉर्न वाजतोय, झालं. साधा गुन्हा हाय, त्याची कादंबरी करू नका." मी सॅल्यूट ठोकून बाहेर आले आणि कागद तयार करायला सांगणार, इतक्यात हवालदार माझ्या टेबलाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ज्याची आई आज आपरेशनला घेतलीया, त्यो सकाळी गाडीसाठी सोता आला आनि आता क्रेन धाडलीया."

टीप म्हणजे फोनवर कुजबुजणारा खबरी, असं मला तेव्हा वाटायचं. खरी टीप ही अशी असते. मी क्रेन परत पाठवली. मोठे साहेब माझ्याशी बोलेनासे झाले, ते एका अर्थी बरंच झालं.

मग मी म्हातारीचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेले. घरात तिला सगळे अव्वा म्हणत. ऑपरेशन होऊन शुद्धीवर आली होती. मालक उशाशीच बसलेले. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "मॅडम, आईच्या डोक्याला मार लागलाय, ती काय बी बोलतीया, तिला त्रास देऊ नका." मी परिचारिकेकडून केसपेपर मागून घेतला. कमरेशिवाय कुठं साधं खरचटलंही नव्हतं. डोक्याला तर काहीच नाही. मी मालकांना बाहेर थांबायला सांगितलं. ते दारात रेंगाळले. मी दार लावून घेतलं.

अव्वानं मला जवळ बोलावलं. "बस की यव्वा. तू पोलीस हाईस व्हय? बरं झालं. बायमानसाला तरी ऐकू येईल."

मग तिनं जे सांगितलं, ते ऐकून माझी मान खाली गेली. ड्रायव्हर झोपला नव्हता. झोपणार कसा, तो तिच्याशी बोलत होता. ती प्रत्येक गावाचं नाव विचारत होती आणि तो मुद्दाम चुकीची नावं सांगून तिला हसवत होता. तिचं माहेर आजऱ्याकडचं, हा रस्ता तिला नवा, म्हणून त्याची चैन चालली होती. आणि तो आवाज. तिच्या पायाखालून, डाव्या बाजूनं. खड्ड्यात एकदा, ब्रेक लावला की मोठ्यानं. रस्ता सरळ असला तरी गाडी डावीकडं ओढायची, ड्रायव्हरला स्टेअरिंग उजवीकडं धरून ठेवावं लागायचं. "खोंड कसं एका अंगाला ओढतंय, तसं," ती म्हणाली. गणपतीच्या सुमारास चाकाखालचा एक लोखंडी दांडा वाकला, तो मुलानं कारखान्यातून नवा करून बसवला, आणि तेव्हापासून हे सुरू झालं. तिनं स्वतः मुलाला सांगितलं होतं.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हनला, अव्वा, आवाज येत असंल तर टेप लाव."

मी तो जबाब लिहून घेतला आणि तिचा अंगठा घेतला. अंगठा देताना ती म्हणाली, "त्या पोराला सोडशील न्हवं? त्याला मारलं म्हनं." मी हो म्हटलं. असं वचन तपास अधिकाऱ्यानं देऊ नये. मी दिलं.

आता गाडी. मोटार वाहन निरीक्षक नुसते ब्रेक आणि हॉर्न बघून गेले होते. मी गावातल्या एका गॅरेजच्या मिस्त्रींना बोलावलं, दोन पंच बसवले, आणि ठाण्याच्या आवारात माझं मोटारशास्त्र सुरू झालं. आधी मी जाहीर केलं की टायर फुटला असणार. टायरमध्ये हवा तशीच होती. मग मी म्हटलं, शॉकॲब्सॉर्बर. जुन्या गाडीचा शॉकअप गेला की नाही, हे बॉनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर कळतं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. उजवीकडचा चांगला कोपरा दाबायचा होता. मी सगळं अंग घालून दाबला, गाडी खाली गेली, वर आली, आणि मी टोपीसकट धुळीत. पंचांपैकी एकानं तोंडाला रुमाल लावला. गाडी एकदाच उसळून स्थिर झाली, म्हणजे शॉकअप चांगला होता. निदान तेवढं तरी सिद्ध झालं.

मिस्त्रींनी उजवीकडचं चाक जॅकवर उचललं, वरून खालून धरून हलवून दाखवलं, मग दोन्ही बाजूंनी धरून. काही खेळ नाही, काही आवाज नाही. म्हणजे स्टेअरिंगचे सांधेही ठीक. मग डावीकडचं मोडलेलं चाक काढलं. चाकाला खालून धरून ठेवणारा जो दांडा असतो, ज्याला लोअर आर्म म्हणतात, तो चाकाकडच्या टोकाशी तुटला होता. मिस्त्री म्हणाले, एवढ्या जोरात झाडाला बसल्यावर तुटणारच की. मोठे साहेब खिडकीतून बघत होते. त्यांनी खिडकी लावून घेतली. त्यांच्यापुरतं प्रकरण संपलं होतं.

म्हणजे सगळा गुंता एवढाच होता. दांडा तुटल्यामुळं गाडी झाडावर गेली, की गाडी झाडावर गेल्यामुळं दांडा तुटला? पहिलं खरं असेल तर ड्रायव्हर निर्दोष. दुसरं खरं असेल तर गुन्हेगार.

मी तुटका तुकडा रॉकेलनं धुतला. चिखल, ग्रीस गेलं आणि तुटलेली कड उघडी पडली. निम्मी कड काळपट तांबूस, निम्मी राखाडी, दाणेदार, साखरेसारखी चमकणारी. मी ती कड कुठंतरी बघितली होती. आणि एकदम माझ्या सासूबाई आठवल्या.

लग्न होऊन आले त्या वर्षी मी त्यांचा बिडाचा तवा हातातून सोडला होता. फरशीवर पडून त्याचे सरळ दोन तुकडे झाले. मी लगेच बचावाचा पवित्रा घेतला, की तवा आधीच तडकलेला होता, माझा काही संबंध नाही. सासूबाईंनी तुकडा उचलला आणि कड माझ्या नाकासमोर धरली. जुनी चीर असती तर त्यात तेल मुरून ती काळी झाली असती, ही सगळी कड चकचकीत आहे, म्हणजे ही आत्ताची आहे आणि तुझी आहे. एवढ्या थोडक्यात माझी उलटतपासणी त्यानंतर कुठल्याही वकिलानं केली नाही.

इथं निम्मी कड काळी होती. म्हणजे दांडा अपघाताच्या कितीतरी आधीपासून चिरलेला होता. त्या चिरेत ग्रीस आणि पाणी मुरत होतं, ब्रेक लावला की चीर उघडायची, आणि तोच आवाज येत होता. दुसरी गोष्ट, उजवीकडचा मूळचा दांडा पोलादाचा, घडवलेला. त्याला वर्षानुवर्षांचे मार बसले होते, तो जरासा वाकला होता, पण अखंड होता. डावीकडचा न वाकता बिस्किटासारखा तुटला होता. पोलाद वाकतं, बीड तुटतं, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा. ज्या माणसाची अख्खी हयात बीड ओतण्यात गेली, त्याला ते माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

मी आणि हवालदार पुन्हा अपघाताच्या जागी गेलो. वळणाच्या आधीच डांबरावर एक खोल ओरखडा सुरू झाला होता आणि तो सरळ झाडापर्यंत गेला होता. दांडा तुटून खाली आला आणि रस्ता खरवडत गेला, त्याचा. म्हणजे गाडी रस्त्यावर होती तेव्हाच तो तुटला होता. पहिल्या दिवशी मी याच ओरखड्यावर बूट ठेवून, रूळ फिरवत, ड्रायव्हर कसा झोपला असेल याचा विचार करत होते. हवालदार ओरखड्याकडं आणि माझ्या बुटांकडं बघून म्हणाले, "आज बाजूला हुभं ऱ्हावा म्हंजे झालं, मॅडम." फोटो काढले, पंचनामा केला.

राहिला एकच प्रश्न. तो दांडा कुणी बनवला? मालक बाजारातून आणला म्हणाले असते, तर मला बाजार धुंडाळत बसावं लागलं असतं. त्यांना नोटीस देऊन बोलावलं. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये चहा मागवला गेला, कारण कूलर त्यांनी दिलेला होता. मी पंचांना शेजारी बसवलं आणि वर्तमानपत्र पसरून त्यावर तो तुकडा ठेवला. मालकांचा चेहरा कोरा. म्हणाले, जुनी गाडी, कुठला कुठला माल असतो, मला काय माहीत.

इथं मला माझं कोल्हापूर कामाला आलं. मी तुकडा हातात घेऊन कौतुकानं फिरवला आणि म्हटलं, "ओतकाम फार सुबक आहे हो. एवढं सफाईचं काम बेळगावलाच होतं. बेळगावचाच माल ना?"

 शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याचा माल बेळगावचा म्हणणं, म्हणजे पैलवानाला बाळसं चांगलं आहे म्हणण्यासारखं.

"बेळगाव?" मालक खुर्चीतून पुढं सरकले. "मॅडम, बेळगावाला हे जमतंय व्हय? आमच्या भट्टीतला हाय ह्यो. मी सोता हुभा ऱ्हाऊन ओतून घेतलाय." आणि माझ्या हातातून तुकडा घेऊन त्यांनी उलटा केला, अंगठ्यानं घासला. "हे बघा. खाली आमचा मार्का हाय."

खरंच होता. छोटासा चौकोन आणि त्यात एक अक्षर. मी तो धुताना बघितलाच नव्हता. दोन्ही पंच वाकून बघत होते. मोठ्या साहेबांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला. मालकांना आपण काय बोललो ते तेव्हा उमगलं. अंगठा मार्कावर तसाच राहिला.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे त्यांच्या वकिलानं त्यांना नंतर सांगितलं असेल. पण मार्का चालतो. त्याच दिवशी कारखान्यातून तो दांडा ओतायला वापरलेला लाकडी पॅटर्न आम्ही पंचांसमक्ष जप्त केला. तुकडा त्याच्याशी तंतोतंत जुळला. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेनं लेखी दिलं, की धातू बीडच आहे आणि चीर जुनी आहे.

त्या दिवशी मी मालकांना विचारलं, ड्रायव्हरनं सांगितलं, आईनं सांगितलं, तरी गाडी एकदाही जॅकवर का चढवली नाही? ते म्हणाले, "आमच्या मालात दोष निघत न्हाय मॅडम. ड्रायव्हर लोकांना आवाज काढायची सवय असती." आणि आई? आईला काय कळतंय मशिनरीतलं, असं उत्तर आलं. मग मी विचारलं, क्रेन कशाला पाठवली होती? यावर ते मोठ्या साहेबांकडं बघायला लागले. मला हवं ते उत्तर मिळालं. अपघाताच्या जागी दुमडलेलं चाक बघताक्षणी या माणसाला कारण कळलं होतं. कळल्यावर तो ठाण्यात आला आणि त्यानं ड्रायव्हरच्या थोबाडीत मारली. निष्काळजीपणा मी एक वेळ समजू शकते. ही थोबाडीत मात्र मला आजही समजत नाही, आणि ती समजून घ्यायची माझी इच्छाही नाही.

ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि मालकांवर दोषारोपपत्र दाखल केलं. मोठे साहेब सहीसाठी कागद बराच वेळ समोर घेऊन बसले. मी समोर उभी. शेवटी म्हणाले, "तुम्ही फार पुढं जाणार मॅडम." ते कौतुक नव्हतं. पुढच्या बदल्यांत मी खरंच फार पुढं गेले, थेट जिल्ह्याच्या टोकाला.

माझ्या बदलीआधीच खटला उभा राहिला, तेव्हा मालकांच्या वकिलानं तडजोडीचा अर्ज दिला. या गुन्ह्यात जखमी माणसानं माफ केलं आणि न्यायालयानं परवानगी दिली, तर खटला मिटतो. जखमी कोण, तर अव्वा. म्हणजे आईनं मुलाला माफ करायचं. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. नातेवाइकांनी तिला वॉकरवर आणलं, मागून धरून उभं केलं. न्यायाधीशांनी विचारलं, आजी, तुम्ही स्वखुशीनं माफ करताय का?

अव्वा म्हणाली, "कमरेचं म्हनत असशीला तर केलं माफ. ल्योक हाय माझा. पर ती थोबाडीत मला न्हाय मारली, सायेब. ती मी कशी माफ करू?"

वकील घाईनं सांगायला लागले, की त्याचा या अर्जाशी काही संबंध नाही. अव्वा म्हणाली, "हाय. जितं मारली, जेंच्या म्होरं मारली, तितं जाऊन त्येनं माफी मागू दे. मग मी अंगठा देतो." तिकडं बायकाही बोलताना 'देतो' म्हणतात. कोर्टात त्यावर कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

हजेरीच्या वेळेला मालक ठाण्यात आले. हवालदारांनी सगळा स्टाफ थांबवून ठेवला होता. शिवाय बाहेर जाऊन टपरीवरच्या लोकांना, "पावणं, जरा आत या की," म्हणून गोळा करून आणलं होतं. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. ड्रायव्हर त्याच बाकाशेजारी उभा होता. मालक त्याच्यासमोर गेले, फरशीकडं बघितलं आणि काहीतरी पुटपुटले.

ड्रायव्हर म्हणाला, "मालक, जरा मोठ्यानं बोला. ऐकू येईना."

 मालकांनी मान वर केली आणि पुन्हा म्हटलं, ऐकू येईल असं. ड्रायव्हरनं मान हलवली. मी त्याला परवाना दिला, त्यानं तो शर्टाच्या खिशात ठेवला, वरचं बटण लावलं आणि तो निघाला. मालक मागून म्हणाले, "उद्यापासनं कामावर ये." तो थांबला नाही. पुढं तो एसटीत लागला. पुढच्या तारखेला अव्वानं अंगठा दिला आणि खटला मिटला.

तो आठवडाभर गावात चर्चा एकच. केवढा मोठा कारखानदार, आणि एका ड्रायव्हरची माफी मागितली, मोठ्या मनाचा माणूस. मोठं मन. अव्वा त्यानंतर वॉकरशिवाय कधी चालली नाही. ड्रायव्हरला त्या काळात कुणी दारात उभं केलं नव्हतं. पण मन मोठं ठरलं ते मालकांचं. हे मी निवृत्त होईपर्यंत ऐकत आले आणि दर वेळी माझं डोकं तितकंच फिरलं.

तपास कसा करावा, हे मला या प्रकरणानं शिकवलं असं लोक म्हणतात. तसं काही नाही. तपास मी सासूबाईंकडूनच शिकले होते. या प्रकरणानं शिकवलं ते एवढंच, की गाडीतला बिघाड ज्याच्या पायाखाली असतो, त्याला आवाज सगळ्यांत आधी ऐकू येतो आणि त्याचं सगळ्यांत शेवटी ऐकलं जातं. ड्रायव्हरचं ऐकत नाहीत, कारण तो ड्रायव्हर. म्हातारीचं ऐकत नाहीत, कारण ती म्हातारी. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत कुणीही येऊन मला "ह्याला काय कळतंय" किंवा "तिला काय कळतंय" असं म्हणालं, की मी त्याला चहा द्यायची, बसवून ठेवायची, आणि सगळ्यांत आधी ह्याचा नाहीतर तिचा जबाब घ्यायला निघायची.